ताक पिणारे एल्डर

११ एप्रिल २०२४, निशिकासाई, तोक्यो

दुपारी नातवाला घेऊन बागेत बसले होते, तेवढ्यात दोन पोरं सायकलींवरून आली. पांढरे सदरे, टाय, डोक्यावर हेल्मेट, खिशावर काळी नावाची पट्टी. एक गोरा, एक जपानी. बागेतल्या एकेका माणसाला गाठून काहीतरी विचारायची आणि जो तो कमरेत किंचित वाकून, हसून त्यांना वाटेला लावायचा. इतका गोड नकार मी जन्मात पाहिला नव्हता. नगरच्या पोस्टात खिडकीवर बसून मीही पुष्कळांना नाही म्हटलं आहे, पण लोक भांडून जायचे. इथे नकार घेणाराच आभार मानतो.

माझ्यापाशी आल्यावर गोऱ्यानं जपानीत सुरुवात केली. मी इंग्रजीत म्हटलं, बाळा, मला तुझ्याहूनही कमी जपानी येतं. त्याचे खांदे एकदम सैल पडले. एकोणीस वर्षांचा, अमेरिकेतल्या आयडाहोचा, बटाट्याच्या मुलखातला. जपानी मुलगा क्यूशूचा, वीस-एकवीसचा असावा. दोघंही 'एल्डर'. मिसरूड नीट फुटलेलं नाही आणि पदवी वडीलधाऱ्याची.

संध्याकाळी लेक म्हणाली, आई, ते मॉर्मन. बोलत बसलीस तर घरी येतील.
येऊ देत की.

१५ एप्रिल, सोमवार

आले. म्हणजे घरी नाही, बागेतच. सोमवार हा त्यांचा कपडे धुण्याचा, बाजारहाटाचा आणि घरी पत्र लिहिण्याचा दिवस, त्याला ते पी-डे म्हणतात. हातात भाजीच्या पिशव्या होत्या. मी थर्मासमधला चहा पुढे केला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चहा चालत नाही, कॉफी नाही, दारू-तंबाखू नाही. १८३३ पासूनचा नियम आहे म्हणे. जपानात येऊन हिरवा चहासुद्धा नाही! मग कोणाकडे गेलात तर काय पिता? मुगिचा. भाजलेल्या जवाचं पाणी, इथे उन्हाळ्यात घरोघर असतं. तेवढ्यानं निभावतं.

चहा नको म्हणणाऱ्या माणसाशी पुढे काय बोलायचं हे मराठी बाईला सुचत नाही. उद्या ताक घेऊन येते म्हटलं.

बाकीचे नियम विचारून घेतले. सकाळी साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवा बंद. मुलांना दोन वर्षं, मुलींना दीड. पूर्वी मुलं एकोणिसाव्या वर्षी निघत आणि मुली एकविसाव्या. २०१२ मध्ये अठरा आणि एकोणीस केलं. टीव्ही नाही, सिनेमा नाही, प्रेमप्रकरण तर नाहीच. आणि एकट्यानं कुठेही जायचं नाही. न्हाणीघर सोडलं तर जोडीदार सतत नजरेच्या आणि कानाच्या टप्प्यात हवा. जोडीदार आपण निवडायचा नाही, देश तर त्याहून नाही. सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयातून हुकूम येतो. आयडाहोवाल्याला ब्राझील हवा होता. जपानचं नाव वाचल्यावर त्याची आई रडली आणि तो हसला, का ते त्यालाही सांगता येईना. मग प्रोव्हो गावातल्या प्रशिक्षण केंद्रात दोन महिन्यांच्या वर जपानी घोकून इकडे.

घोकलेलं कितपत उपयोगी पडलं, असं विचारलं. तो म्हणाला, विमानतळावर उतरलो तेव्हा वाटलं, आम्हाला दुसऱ्याच देशाची भाषा शिकवली.

२२ एप्रिल

रात्री झोप येईना. मिशनरी हा शब्द मला नवा नाही, मी नगरची आहे. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ पासून आमच्याकडे होती. आमच्या गावात मिस सिंथिया फॅरारचं नाव अजून घेतात. ही बाई १८२७ ला मुंबईत उतरली, एकटी, अविवाहित. पुढे नगरला आली, मुलींच्या शाळा काढल्या आणि १८६२ ला तिथेच गेली. तिच्या शाळा बघून जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढायचं मनावर घेतलं. पस्तीस वर्षं! आणि ही पोरं दोन वर्षांच्या मुदतीवर. मला सुरुवातीला हसू आलं ते याचंच. दोन वर्षांत तर माणसाला गावातल्या गल्ल्या कळत नाहीत.

मॉर्मन लोक आपल्याकडेही आले होते, हे मला लेकीच्या लॅपटॉपवर वाचून कळलं. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश गृहस्थ १८५२ मध्ये मुंबईला उतरला, पुण्यालाही राहिला. फारसं कोणी ऐकलं नाही, तीनेक वर्षांत परतला. जपानातही गत वेगळी नव्हती. हेबर ग्रँट तीन साथीदार घेऊन १९०१ च्या ऑगस्टमध्ये योकोहामाला आले. १९२४ ला मिशन बंद झालं तोवर तेवीस वर्षांत बाप्तिस्मे झाले एकशे सहासष्ट. त्या पहिल्या चौघांतला आल्मा टेलर एकोणीस वर्षांचा होता. तो १९१० पर्यंत राहिला, त्यांचा धर्मग्रंथ जपानीत आणला आणि सगळा काळ रोजनिशी लिहिली. ती छापूनही निघाली आहे.

हे आयडाहोवाल्याला सांगितलं तर म्हणाला, ठाऊक आहे, पण साडेआठ वर्षांचा विचार केला की पोटात गोळा येतो.

५ मे, रविवार

इथे आज मुलांचा सण. घराघरांवर कापडी मासे फडफडताहेत, नातवासाठी जावयानंही एक आणला. दोघं बागेत ताकाला नाही म्हणाले. महिन्याचा पहिला रविवार, दोन वेळचा उपास, पाणीसुद्धा नाही. जेवणाचे वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. मला हे आवडलं. आमच्याकडे एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा, रताळी, शेंगदाण्याची आमटी, खर्च उलट वाढतो. क्यूशूवाल्याला एवढं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग पोट धरून बसला, कारण उपाशी पोटी हसू नये.

७ मे

आज आयडाहोवाल्यानं त्याची वही दाखवली. मी मागितली नव्हती. पण मी रोज लिहिते हे कळल्यावर त्याला वाटलं असावं, हिला दाखवायला हरकत नाही.

'प्रीच माय गॉस्पेल' नावाचं त्यांचं एक पुस्तक आहे, २००४ चं, गेल्या वर्षी सुधारून काढलंय. प्रचार कसा करावा याचं. पण त्यातलं एक प्रकरण दुसऱ्यांबद्दल नाहीच, ते स्वतःबद्दल आहे: ख्रिस्ताच्या अंगचे गुण आपल्यात कसे आणायचे. श्रद्धा, प्रेम, धीर, नम्रता, उद्यम, आज्ञापालन. प्रकरणाच्या शेवटी वाक्यं दिलेली आहेत आणि प्रत्येकासमोर स्वतःला एक ते पाच असे गुण द्यायचे. एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे सदैव. हा पठ्ठ्या दर महिन्याला ते करतो आणि आकडे वहीत लिहून ठेवतो.

आमच्या खात्यात गोपनीय अहवाल असायचा, सी. आर. साहेब लिहायचे, आपल्याला दाखवायचे नाहीत, आणि बढतीच्या वेळी तो भुतासारखा पुढे यायचा. ह्यानं स्वतःचा सी. आर. स्वतःच लिहायला घेतलाय आणि बढती कुठली ते माहीत नाही.

वही वाचली. आज्ञापालनाला पाच. का रे? रोज साडेसहाला उठतो म्हणून. मी म्हटलं, ते घड्याळ उठवतं. तो ओशाळला आणि पेन काढून पाचाचे चार केले. उद्यमाला चार. प्रेमाला आधी तीन, मग चार, मग परत तीन. धीराचा रकाना बघण्यासारखा होता: निघताना चार, जानेवारीत तीन, आता दोन. सगळ्या वहीत मला खरा वाटला तो हाच आकडा. घरी होता तेव्हा धीर लागलाच कुठे होता? आई जेवायला वाढत होती, बोलायला स्वतःची भाषा होती, दारं ओळखीची होती. चार गुण फुकटचे होते.

तुला बदलायचंय म्हणजे नक्की काय बदलायचंय, असं विचारलं. तो म्हणाला, घरी मी ज्याला आवडायचो नाही तो मला. वाक्य नीट जमलं नाही असं वाटून दोनदा सुधारलं. मला पहिलंच कळलं होतं.

१३ मे, सोमवार

काल त्यांचा मातृदिन. पूर्वी म्हणे वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. २०१९ पासून दर आठवड्याला परवानगी आहे. आयडाहोवाला आईशी, वडिलांशी, दोन बहिणींशी बोलला. थोरला भाऊ पडद्यासमोर आला नाही. कधीच येत नाही.

ती गोष्ट त्यानं नातवाचा बूट बांधता बांधता सांगितली. भाऊही मिशनवर गेला होता. चार महिन्यांत घाबरंघुबरं होऊ लागलं, झोप उडाली, परत पाठवला. असं मुदतीआधी परतणं त्यांच्या गावात लपत नाही. लोक वाईट बोलत नाहीत, फार जपून बोलतात, तेच सोसत नाही. चर्चमध्ये भाऊ मागच्या बाकावर बसू लागला, मग यायचाच बंद झाला. आणि ह्यानं त्या काळात भावाला एका अक्षरानं विचारलं नाही. तेव्हा सोळा-सतराचा होता. शरद ऋतूत तिकडे बटाटा काढायला शाळांना सुट्टी देतात. त्या वर्षी दोघं एकाच यंत्रावर दिवसदिवस शेजारी उभे राहून ढेकळं निवडत होते आणि बोलले नाहीत.

तेव्हा वहीतले बाकीचे आकडे राहू देत. ह्याला परत जाऊन त्या भावाशी बोलता यायला हवंय. एवढ्यासाठी जपानपर्यंत यावं लागतं का? लागत असेल.

१९ मे

लेकीबरोबर हिरोओला गेले. मॉर्मनांचं देऊळ तिथे आहे, आरिसुगावा बागेसमोर. आशियातलं पहिलं, १९८० चं. मधे पाच वर्षं डागडुजीला बंद होतं, २०२२ ला परत उघडलं. टोकावर कर्णा फुंकणारा सोनेरी देवदूत. आत फक्त त्यांच्यातल्यांना आणि तेही शिफारसपत्र असेल तरच. बाहेरून पाहिलं. बाग सुंदर आहे, तळ्यात कासवं आहेत.

२८ मे

आज दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले होते. मधे मी आणि नातू. भांडण झालंय हे सांगायला लागलं नाही.

कारण विचाराल तर गुणगुणणं. आयडाहोवाला सकाळी उठल्यापासून तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणतो, अभ्यास करताना, भात धुताना. क्यूशूवाला सहा आठवडे गप्प राहिला आणि सातव्या आठवड्यात त्यानं भाताचा डबा ओट्यावर आपटला. एवढंच. पण हे दोघं वेगळे होऊ शकत नाहीत. नवरा-बायकोत भांडण झालं तर एक जण माहेरी जातो, निदान भाजी आणायला तरी जातो. ह्यांना भाजी आणायलाही दोघांनी जावं लागतं.

आठवड्यातून एकदा त्यांची एक बैठक असते, जोडीचा आढावा म्हणून. समोरासमोर बसून एकमेकांबद्दल काय बरं वाटलं, काय खटकलं ते सांगायचं. अमेरिकेत ही पद्धत ठीक असेल. जपानी मुलाला तोंडावर 'तुझं अमुक मला आवडत नाही' असं सांगायला लावणं म्हणजे छळच. तो दर आठवड्याला 'सगळं छान आहे' म्हणायचा आणि ह्याला ते खरं वाटायचं. आठ महिने जपानात राहून! गोड नकार दारावर ऐकायची सवय झाली, घरात ऐकू आला नाही.

मी मधे पडले नाही. नातवाला भूक लागली म्हणून उठले. जाताना मागे वळून पाहिलं तर आयडाहोवाला गप्प बसला होता. खरोखर गप्प, पाय न हलवता, काही न गुणगुणता. त्याच्यासाठी ते केवढं कष्टाचं असेल हे त्याच्या मानेवरून दिसत होतं.

३ जून

क्यूशूवाल्याबद्दल मी कमी लिहिलंय, कारण तो कमी बोलतो. आज लेक सोबत होती, तिच्याशी जपानीत बोलला.

त्याचे वडील बौद्ध, घरात पूर्वजांचं देवघर. मुलगा कॉलेजात असताना बाप्तिस्मा घेऊन बसला. वडिलांना धर्मापेक्षा दुसऱ्या गोष्टीचा राग आहे. जपानात पदवी हातात पडण्याआधीच नोकऱ्या ठरतात, कंपन्या ताज्या पदवीधरांची एका हंगामात भरती करतात. ती गाडी चुकली की चुकली. ह्यानं भरतीच्या ऐन वेळी दोन वर्षांची रजा घेतली. अमेरिकेत मिशनवर गेलेल्या मुलाला गाव मिरवून आणतं, विद्यापीठं जागा राखून ठेवतात. इथे त्याला समजावून सांगावं लागतं की मी वेडा नाही.

खर्चही स्वतःचाच. २०२० पासून अमेरिकेतल्या मुलांना महिना पाचशे डॉलर भरावे लागतात, कुठल्याही देशात पाठवलं तरी तेवढेच. आयडाहोवाल्यानं निम्मे टायरच्या दुकानात काम करून जमवले. क्यूशूवाल्याचे कोण देतं ते मी विचारलं नाही.

लेकीनं त्याला विचारलं, तुम्हालाही बदलायचंय का? तो म्हणाला, मी बदललोय, म्हणूनच तर घरी बोलत नाहीत. मला आता ओळखू येईन एवढं जुनं राहायचंय.

१३ जून

आज आयडाहोवाल्यानं शेवटी विचारलं. आजी, रविवारी चर्चला याल का? त्यांचा धर्मग्रंथ, निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक, हातात दिलं. कधीतरी विचारणारच होता, त्याचं कामच ते. लेकीनं माझ्याकडे 'सांगितलं होतं ना' असं बघितलं.

मी म्हटलं, पुस्तक वाचीन, मी सगळं वाचते. पण माझा धर्म बदलायचा तर फार उशीर झालाय आणि मला तशी निकडही नाही. मग लक्ष्मीबाई टिळकांबद्दल सांगितलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला. बायकोचा संसार एका दिवसात उलटापालटा झाला. ती रडली, संतापली, वेगळी राहिली, पंढरपूर-नाशिक करत राहिली आणि १९०० साली आपल्या पायांनी तिकडे गेली. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं आणि कोणाच्या नाही, हे तिच्या मनातून टप्प्याटप्प्यानं गेलं. 'स्मृतिचित्रे' वाचताना हसून पुरेवाट होते, कारण बाई स्वतःला कुठेही गुण देत नाही.

तो लक्षपूर्वक ऐकत होता. म्हणाला, तिनं कशामुळे ठरवलं? मी म्हटलं, ती तुझ्या वहीत बसणारी बाई नाही. क्यूशूवाला गालात हसला.

मला ह्या पोरांचा धर्म पटत नाही. एका ग्रंथात सगळी उत्तरं आहेत, हे मला कोणाच्याच बाबतीत पटत नाही. अनोळखी माणसाला रस्त्यात थांबवून तू बदल म्हणणं तर मुळीच नाही. पण ज्याला थांबवलं जातं तो दोन मिनिटांत सुटतो. थांबवणारा दोन वर्षं सुटत नाही. ह्या सगळ्या खटाटोपात धर्मांतर कोणाचं होत असेल तर ह्यांचंच, आणि मला वाटतं सॉल्ट लेक सिटीतल्या म्हाताऱ्यांना हे पक्कं ठाऊक असणार.

२१ जून

आज पावसाळा लागल्याचं जाहीर झालं, इथल्या हवामान खात्यानं. आणि आजच वटपौर्णिमा. निशिकासाईतल्या चारपाच जणी एकीच्या घरी जमल्या होत्या, कुंडीत वडाची फांदी होती. मी नुसती फराळाला गेले.

परतताना दोघं छत्र्या घेऊन स्टेशनपाशी उभे. बदलीचा निरोप आलाय. दर सहा आठवड्यांनी फोन येतो, कोण राहणार, कोण जाणार. आयडाहोवाला जाणार. दोन सुटकेसी, सायकल आणि तीन दिवसांची मुदत. माझ्या नोकरीत बदलीचा हुकूम आला की आम्ही महिनाभर रजा टाकून, साहेबांना भेटून, डॉक्टरचं पत्र आणून तो फिरवायचो. ह्याच्या मनात तो विचारही आला नाही. आज्ञापालनाला पाच द्यायला हवे होते बहुतेक.

गेल्या रविवारी तिकडे पितृदिन होता, तेव्हा घरी केलेल्या फोनवर त्यानं आईला सांगितलं, मोबाइल भावाच्या खोलीत ने. तिनं नेला. भाऊ म्हणाला, काय? हा म्हणाला, काही नाही. मग दोघं थोडा वेळ तसेच. मग भावानं विचारलं, तिकडे पाऊस आहे का. अजून नाही, असं सांगितलं. बस.

मी विचारलं, वहीत काय लिहिलंस? तो म्हणाला, या महिन्याचे आकडे अजून भरलेच नाहीत.

३० जून

परतीचं सामान बांधून झालं. तेवीस किलोच्या वर जाऊ नये म्हणून लेकीनं माझी लोणच्याची रिकामी बरणी काढून टाकली, मी परत घातली. तिकडे काल ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघाली. मी पोचेन तेव्हा वारी घाट चढून सासवडला गेलेली असेल.

बागेत शेवटचं ताक नेलं. क्यूशूवाल्याबरोबर नवा एल्डर होता, टोंगा बेटांवरचा, दारातून वाकून यावं लागेल एवढा. दोन पेले ताक प्यायला आणि तिसऱ्याकडे पाहू लागला.

क्यूशूवाल्यानं पाकीट दाखवलं. वडिलांना पत्र लिहिलंय, हातानं. तुम्ही पोस्टातल्या ना, बघा बरोबर आहे का. चौऱ्याऐंशी येनचं तिकीट नीट लावलेलं होतं, पिनकोड चौकोनांत होता, अक्षर छापल्यासारखं. मागची बाजू कोरी होती. तुझा पत्ता कुठे? तो म्हणाला, उत्तर येणार नाही, आजी. मी म्हटलं, ते तुझे वडील बघतील, तू पत्ता लिही. आणि पेन दिलं.